पायी चालणाऱ्याचा रस्ता

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख द्यावा, असे संपादिका भगिनींनी सुचविले. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या ह्यांकडे आपले मन सहज धावते. परंतु रस्त्यालाही इतिहास असतो. घरापासून शाळेपर्यंत, देवळापर्यंत आणि बाजारापर्यंत जी वाट आपण रोज तुडवितो, ती कोणी आखली, ती सोयीची कशामुळे होती आणि पुढे अवघड का झाली, ह्या प्रश्नांची उत्तरे इतिहासातच सापडतात. गावात मोटारी आणि फटफट्या कितीही वाढल्या तरी दप्तर पाठीवर घेतलेले मूल, भाजीची पिशवी सांभाळणारी गृहिणी आणि पिंगलाक्षी देवीच्या किंवा अमरदास बाबांच्या दर्शनाला निघालेल्या आजीबाई आजही पायीच चालतात. म्हणून हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

आपले रिसोड हे जुने गाव. ऋषिवट ह्या नावावरून रिसोड हे नाव आले, असे परंपरा सांगते. दि. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता. त्याही आधी, निजामाची आणि इंग्रजांची राजवट वऱ्हाडावर आली आणि गेली. परंतु गावे वसविण्याची वऱ्हाडची रीत ह्या सर्व राजवटींहून जुनी आहे. वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि पिकाच्या जमिनीला 'काळी' असे आपले पूर्वज म्हणत. पांढरीवर घरे दाटीने बांधावयाची आणि काळी कसावयास मोकळी ठेवावयाची, हा त्यांचा साधा हिशेब होता. मध्ये गढी, शिवेकडे वेस, प्रत्येक वेटाळाला आपला पार, जवळ आड किंवा विहीर, आणि एका वेटाळातून दुसऱ्या वेटाळात नेणारे बोळ, अशी ही रचना असे. काळीकडे जाणाऱ्या पांदणी ह्याच बोळांना येऊन मिळत.

ह्या रचनेत तीन गुण होते. पहिला गुण असा की, रोज लागणारी प्रत्येक वस्तू पायांच्या टप्प्यात असे. पाणी, पीठ, तेल, कुंभाराचे मडके, सुताराचा हात हे सर्व हाकेच्या अंतरावर. दुसरा गुण सावलीचा. वऱ्हाडचा उन्हाळा आपणास ठाऊकच आहे. अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या धाब्याच्या घरांची सावली एकमेकांवर पडे आणि चौकातला कडुनिंब किंवा पिंपळ उरलेले ऊन अडवी. तिसरा गुण वाटांच्या जाळ्याचा. एक बोळ लग्नाच्या मांडवाने अडला तर माणूस दुसऱ्याने जाई. कोणतीही वाट एकटी नसे. शिवाय घराच्या ओट्यावर बसून डाळ निवडणाऱ्या बायकांची नजर बोळात खेळणाऱ्या सर्व मुलांवर असे, मग ते मूल कोणाचेही असो. वळणावळणाच्या बोळात बैलगाडीही सावकाश हाकावी लागे.

परंतु जुन्याचे गोडवे गाताना सत्य झाकून ठेवू नये. ही वाट सर्वांना सारखी मोकळी नव्हती. कोणी कोणत्या बाजूने जावे, कोणाच्या सावलीने विटाळ होतो, कोणी कोणत्या विहिरीवर घागर बुडवावी, हे जातीने ठरे. दि. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि तेथले पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठ्यापर्यंत चालत जाण्याचा हक्क मिळविण्यासाठीसुद्धा आपल्या देशात सत्याग्रह करावा लागला, हे विसरून चालणार नाही. तसेच जुन्या गावांत सांडपाण्याची सोय नसे, पटकी येई, आणि घरेच्या घरे ओस पडत. तेव्हा जुन्या रचनेतील सोय घ्यावयाची आणि तिच्यातील अन्याय व घाण टाकावयाची, हाच शहाणपणाचा मार्ग.

शहरांच्या बाबतीत पुण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरविला. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी तेथे आले, कसब्यात वस्ती पुन्हा उभी राहिली, आणि गणपतीचे देऊळ झाले. सोन्याच्या नांगराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ओसाड गाव पुन्हा माणसांनी भरविण्याच्या कामात एका स्त्रीचा एवढा मोठा वाटा असावा, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर पेशव्यांच्या काळात कसब्याभोवती पेठांची संख्या वाढत गेली. प्रत्येक पेठेला आपला बाजार, आपली देवळे, आपले कारागीर. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून ठिकठिकाणी हौद बांधविले, त्यामुळे पाणीही पेठेतच मिळू लागले. पेठ म्हणजे पायी फिरून पुरा पडणारा संसार. पुढील काळात युरोप-अमेरिकेतील पंडितांनी ज्याला मोठमोठी नावे दिली, ती कल्पना आपल्याकडे अशी नांदत होती.

मग ही घडी विस्कटली कशी? त्याला मोठे कारण झाले ते प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. शहरातून लोक पळाले, गिरण्या ओस पडल्या. दाट वस्ती हेच रोगाचे मूळ, असे सरकारने ठरविले आणि इ. स. १८९८ मध्ये कायदा करून मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून रुंद, सरळ रस्ते काढले. समुद्रावरचा वारा शहरात खेळावा हा हेतू चांगला होता. परंतु ज्यांची घरे पाडली गेली, त्यातील पुष्कळ गरीब माणसे दूर जाऊ शकली नाहीत. काम जवळ हवे होते. ती शेजारच्याच चाळींत आणखी दाटीने शिरली. एका जागेची दाटी दुसऱ्या जागी गेली, एवढेच झाले.

ट्रस्टच्या खात्यावर चांगले कामही आहे, ते सांगितले पाहिजे. दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जमिनीवर त्याने जी नवी वसाहत आखली, ती आजही पायी हिंडण्यास सुखाची समजली जाते. तेथे घरांची उंची आणि घरांमधली मोकळी जागा ह्यांवर बंधने घातली होती. रस्त्यांना झाडे, मधून मधून बागा, आणि शाळा व बाजार जवळ. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ह्या त्याच भागातल्या. ह्यावरून एवढे दिसते की, दोष रुंद रस्त्यात नाही आणि अरुंद बोळातही नाही. ज्या माणसासाठी रस्ता काढावयाचा, त्या माणसाच्या चालण्याकडे पाहिले की नाही, एवढाच खरा प्रश्न.

हा प्रश्न ज्याने सर्वांत मनापासून विचारला, तो एक स्कॉटिश गृहस्थ होता. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड ह्यांच्या निमंत्रणावरून ते इ. स. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. शहरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन ज्या बोटीतून येत होते, ती बोट एम्डेन ह्या जर्मन लढाऊ जहाजाने बुडविली. परंतु मित्रांच्या साह्याने नवे नकाशे व चित्रे गोळा करून त्यांनी इ. स. १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरविलेच. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचे शिष्य. गुरूनंतर तो विभाग त्यांनीच सांभाळला.

गेडिस साहेब गावात गेले की आधी चालत. हातात नकाशा घेऊन पहाटेपासून बोळाबोळांतून हिंडत. कोठे पडके घर आहे, कोठे विहीर बुजली आहे, कोठे बायका पाण्याला येतात, कोठे मुले खेळतात, हे टिपून ठेवीत. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे गाव पाहिल्यावाचून त्याचा आराखडा करू नये, हे त्यांचे सूत्र. व्यंकोजीराजांच्या वंशाने जेथे राज्य केले त्या तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीचे उदाहरण त्यांनी दिले आहे. रूढ पद्धतीच्या आराखड्यात तेथे घरे पाडून सरळ रस्त्यांच्या चौकटी काढावयाच्या होत्या. गेडिस साहेबांनी दाखवून दिले की, मोडकळीस आलेली थोडी घरे काढली, रिकाम्या जागा एकमेकींना जोडल्या, बोळ स्वच्छ करून फरशी घातली आणि चौकात झाडे लावली, तर हवा व उजेडही मिळतो, शेजारही टिकतो आणि खर्चही किती तरी कमी येतो. निरोगी अवयव राखून फक्त दुखरा भाग काढावा, अशी ही शस्त्रक्रिया.

त्यांची सर्वांत रम्य हकीकत इंदूरची आहे. इंदूर म्हणजे होळकरांचे, आपल्या अहिल्यादेवींच्या घराण्याचे गाव. इ. स. १९१७ हे वर्ष गेडिस साहेबांना फार दुःखाचे गेले. एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला, आणि त्यांना सर्व कामांत साथ देणारी पत्नी ॲना ह्याच देशात तापाने गेली. त्या आजारी होत्या म्हणून मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांना कळविलीदेखील नव्हती. एवढे दुःख पोटात घालून तो वृद्ध गृहस्थ इंदूरच्या कामाला लागला. इंदुरात प्लेग होता. नकाशा घेऊन हिंडणाऱ्या ह्या दाढीवाल्या साहेबाकडे बोट दाखवून, हाच प्लेग आणतो, असे लोक म्हणू लागले.

तेव्हा त्यांनी एक युक्ती केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. एका दिवसापुरते आपणास गावचा कारभार करू द्यावा, अशी मागणी त्यांनी दरबारकडे केली, आणि ती मान्य झाली. मग दवंडी पिटली की, ह्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने निघणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत अधिक झाडलेली, डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. कचरा सरकारी गाड्या फुकट वाहून नेतील. आपल्या दारावरून मिरवणूक जावी असे कोणास वाटणार नाही? बघता बघता सहा हजारांवर गाड्या कचरा गावाबाहेर गेला. दिवाळीच्या मिरवणुकीत लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता, प्लेगच्या उंदराचे भले मोठे सोंग होते. झाडूवाल्यांचा जथा स्वच्छ पोशाखात, फुलांच्या माळा घालून मानाने चालला होता. घरोघर लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली; नीटनेटक्या हिंदू घराचे चिन्ह म्हणजे तुळस, अशी गेडिस साहेबांची भावना होती. शेवटी राक्षस जाळला गेला. साथ ओसरली ती ऋतू पालटत आल्यामुळेही ओसरली असेल. परंतु लोकांच्या मनातली भीती गेली आणि गाव आपले आहे ही जाणीव आली, हे काही थोडे नव्हे. इंदूरचा त्यांचा अहवाल इ. स. १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

भगिनींनो, ह्या हकीकतीशी आपल्या गावाचा जवळचा संबंध जुळतो. शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी शिरपूर जैन, म्हसला पेन असे मुक्काम व टप्पे करीत रिसोडला येते आणि पुढे सेनगाव, नरसीकडे मार्गस्थ होते. शेकडो वारकरी शिस्तीने पायी चालत गावात शिरतात. त्या दिवशी रस्ता झाडला जातो, सडा पडतो, रांगोळ्या निघतात, कोणी पाणी देतो, कोणी चहा-फराळ देतो, वाहने बाजूला थांबतात. रस्त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, हे आपणास त्या दिवशी कोणी शिकवावे लागत नाही. मग उरलेल्या दिवसांत शाळेच्या वाटेने जाणारे मूल हेही वारकरीच नव्हे काय?

हा प्रश्न भावनेचा वाटला तरी जिवावरचा आहे. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे इ. स. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर दिवशी सुमारे नव्वद. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनाचा धक्का लागला तर बहुतेक माणसे वाचतात. वेग ताशी ५० च्या वर गेला की वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. जुन्या बोळाचे वळण आणि बैलगाडीची चाल ह्यांत केवढे संरक्षण होते, ते ह्यावरून कळून येईल.

परदेशातील मातांनी ह्या बाबतीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. आज हॉलंड हा देश सायकलींचा म्हणून ओळखला जातो. पण तो नेहमी तसा नव्हता. इ. स. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात तीन हजारांवर माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने इ. स. १९७२ मध्ये लेख लिहिला, मुलांची हत्या थांबवा असा त्याचा मथळा होता, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. माता मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या. अपघाताच्या जागी मुलांसाठी रस्ता अडवून खेळ मांडले. त्यांच्या पहिल्या अध्यक्षा मार्ट्ये व्हान पुटन नावाच्या तरुण बाई होत्या. पुढे तेथे घरांसमोरच्या रस्त्यांवर वाहनाने माणसाच्या चालीने जावे, असा नियम इ. स. १९७६ मध्ये कायद्यात आला. आपल्या राज्यातही वारे फिरू लागले आहे. पुणे महानगरपालिकेने इ. स. २०१६ मध्ये पादचाऱ्यांविषयीचे धोरण मंजूर केले, आणि दि. ११ डिसेंबर २०२१ रोजी गजबजलेला लक्ष्मी रस्ता दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला.

आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांकडे वळू. विदर्भात गावाबाहेर शेते एन.ए. होऊन लेआऊट पडतात. प्रत्येक लेआऊटचा रस्ता आपल्यापुरता सरळ आणि रुंद असतो. पण तो शेजारच्या लेआऊटच्या कुंपणाशी येऊन संपतो. पलीकडची शाळा गच्चीवरून दिसते, आणि तिथे जाण्यासाठी मुलाला मोठ्या रस्त्याला वळसा घालून, ट्रकांच्या शेजारून जावे लागते. जुन्या वेटाळात जे वाटांचे जाळे होते, ते येथे तुटले. कुंपणात एक फाटक ठेवून सहा हातांची पायवाट जरी सोडली, तरी किती तरी मुलांचा फेरा वाचतो. ह्याला पैसा फारसा लागत नाही. आखणीच्या वेळी कोणीतरी विचारावे लागते.

आणि विचारण्याचा अधिकार आपणास आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ह्याप्रमाणे गावाचा विकास आराखडा तयार झाला की तो लोकांपुढे ठेवावा लागतो, आणि ठरलेल्या मुदतीत कोणत्याही नागरिकास लेखी हरकत किंवा सूचना देता येते. शाळेकडे जाणारी पायवाट, बाजाराच्या रस्त्याचा पदपथ, चौकातली झाडे, म्हाताऱ्यांना बसावयास ओटा, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, हे सर्व त्या सूचनेत लिहिता येते. इ. स. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत स्त्रियांसाठी निदान एक तृतीयांश जागा राखल्या, महाराष्ट्राने इ. स. २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. म्हणजे गावच्या रस्त्यांचा निर्णय जेथे होतो तेथे आपल्या भगिनी बसतात. त्यांच्या हाती पुरावा देणे हे आपल्या मंडळासारख्या संस्थांचे काम.

तो पुरावा गेडिस साहेबांच्या रीतीने गोळा करता येईल. प्रत्येक वेटाळातल्या चार-पाच जणींनी आपल्या भागाचा साधा नकाशा कागदावर काढावा. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी बाजाराच्या वेळी, एकदा मुलाचा हात धरून आणि एकदा एखाद्या वृद्धेला सोबत घेऊन, त्या वाटेने चालावे. कोठे गटार उघडे आहे, कोठे वाहनांमुळे रस्ता ओलांडता येत नाही, कोठे रात्री दिवा नाही, कोठे सावली नाही, कोठे भिंतीमुळे वळसा पडतो, हे त्यावर खुणेने दाखवावे. फेरीवाल्यांना शत्रू समजू नये; इ. स. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही रस्त्यावर रीतसर जागा दिली आहे, आणि भाजीवालीच्या पाटीजवळ दिवा असला म्हणजे ती वाट रात्री सुरक्षित वाटते. असे दहा-बारा नकाशे जुळविले की गावाच्या पायवाटांचे खरे चित्र तयार होईल. मोठमोठ्या कचेऱ्यांतही ते सहसा सापडत नाही, कारण ते चालल्यावाचून निघत नाही.

पांढरी वसविणारांनी नकाशे काढले नव्हते. परंतु पाण्याची घागर किती अंतर वाहता येते, हे त्यांना माहीत होते आणि त्याप्रमाणे त्यांनी विहीर खणली. तेवढे एक माप हाती धरले तरी पुरे. मंडळाच्या नव्या वर्षाच्या कार्यक्रमांत हळदीकुंकू, भजन आणि पाककृती ह्यांच्या जोडीला एक वेटाळफेरी ठेवावी, आणि पहिली फेरी शाळेच्या वाटेवरून काढावी, एवढी सूचना करून हा लेख पुरा करते.